नळाखालची फट

माणसानं बोलावं. चुकलं तर चुकलं म्हणावं, पटत नसेल तर भांडावं, तेही जमत नसेल तर निदान ताटावरून उठून जावं. आमच्या जावयाला यातलं एकही येत नव्हतं. विचारलं तर मान हलवायची, हाक मारली तर "व्हय मामी", आणि मी रागावले तर समोरच्या कौलांकडे बघत उभं राहायचं, जसं काही मी कौलांनाच बोलते आहे. तोंडावर मी त्याला पाव्हणं आणि तुमी म्हणायची, रीतच तशी. मनात मात्र तो 'तो'च होता.

वैशाखातली दुपार होती. हिंदुराव परसात भिंतीशी उकिडवा बसला होता. अंगात बनियन, हात कोपरापर्यंत डांबरानं काळे. मी जोत्यावर पाय सोडून बसले होते, कामावर नजर ठेवून.

"पाव्हणं, खालचं राहिलं," मी म्हटलं.

मान हलली. हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

आमचं गाव घाटमाथ्यावर, गगनबावड्याच्या अलीकडे. इथला पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. त्या बाजूची आमची भिंत मातीची, सासऱ्यांनी घातलेली. तिला दरवर्षी पावसाच्या आधी गवताच्या ताट्या बांधाव्या लागत. मालक गेल्यावर बारा वर्षं त्या ताट्या मी एकटीनं बांधल्या. कुणाला शिडी धर म्हणून हाक मारली नाही. त्यातच एका साली गवत कापता कापता विळ्याला धार लावायला बसले, तो सटकला आणि उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर गेलं. चिंधी गुंडाळली आणि राहिलेलं गवत कापलं. गावात अजून सांगतात.

त्या वर्षी शालनला दिवस गेले होते. माझी एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, श्रावणात. आणि बाळंतिणीला द्यायला आमच्या घरात बंद खोली एकच, ती ही पश्चिमेची. खोली कोरडी राहिली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हिंदुराव कोल्हापुरात नळाची आणि पत्र्याची कामं करायचा. शालन त्याच्यापाशी काही बोलली असणार. एका सकाळी पत्रे, लाकडी रिपा आणि डांबराचा डबा टेम्पोत घालून हा माणूस दारात हजर.

"ताट्या पुरं झाल्या मामी. पत्रा मारतो," म्हणाला.

जावयानं पाटावर बसावं, जेवावं, नारळ घेऊन जावं. त्यानं सासूच्या परसात डांबर कालवावं हे मला पसंत नव्हतं. पण लेकीच्या पोटात पोर होतं, म्हणून मी गप्प बसले. म्हणजे माझ्या मानानं गप्प बसले.

दोन दिवस त्यानं मान वर केली नाही. भिंतीवर उभ्या रिपा ठोकल्या, त्यावर पत्रे मारले. माळ्यावरच्या टाकीतनं एक पाइप त्या खोलीतून भिंत फोडून परसात काढलेला होता, भांड्याच्या आणि गुरांच्या पाण्यासाठी. त्या नळापाशी पत्रा गोल कापला आणि पाइपाभोवती राहिलेल्या फटीत डांबरात भिजवलेलं गोणपाट ठासून भरलं. वरनं भरलं, दोन्ही अंगांनी भरलं. खाली आला आणि हात पुसायला लागला. नळाच्या खाली नखाच्या चंद्रकोरीएवढी फट तशीच. पत्र्याची खालची कडसुद्धा जोत्यापासून दोन बोटं वर.

"खालच्या बाजूला काय, डांबर संपलं?"

"न्हाई. अर्धा डबा हाय."

"मग?"

"खालची सोडायची असती मामी. पानी आत गेलं तर भाईर यायला वाट लागती."

लग्न झाल्यापासून एवढं लांब तो पहिल्यांदाच बोलला होता.

"पानी आत जाऊ नये म्हणून आलाय तुमी, का आत गेल्यावर त्याची पाठवणी करायला?"

त्यानं कौलांकडे बघितलं.

"आन पत्र्याखालनं इंचू जाईल, गोम जाईल, वारं जाईल. बाळंतिणीची खोली हाय ती. गोठा न्हवं."

"आत भिंत हाय की."

"भिंतीचं मला सांगू नका. ह्या भिंतीला मी तुमच्या आदी वळखते."

संध्याकाळी तो एस.टी.नं निघाला. पायरीवर थांबला, चपला घालता घालता म्हणाला, "मामी, खालची ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "बरं, बरं." उरलेला डबा त्यानं पडवीत कोपऱ्याला ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो डबा चुलीवर धरून पातळ केला आणि परसात गेले.

शालनच्या आधी मला एक मुलगा झाला होता. ह्याच खोलीत. आठव्या दिवशी गेला. अंग ताठ झालं, तोंड उघडेना, आणि गेला. सुईण म्हणाली, वारं लागलं, भिंतीला भेग हाय ही बघा. सासूबाईंनी भेगेत बोट घालून सगळ्यांना दाखवली. शालनच्या वेळी माझ्या आईनं येऊन खोलीची एक एक फट चिंध्यांनी बुजवली, कडीच्या भोकात सुद्धा कापूस घातला, आणि शालन जगली. मला दुसरं शास्त्र शिकवायला कुणी येऊ नये. मी तिसरीपर्यंत शिकले, पण फट दिसली की बुजवायची एवढं मला कळत होतं. हे मी हिंदुरावला सांगितलं नव्हतं. शालनला तिच्या आधी भाऊ होता, हेसुद्धा नाही.

गोणपाटाच्या पट्ट्या डांबरात बुडवल्या. नळाखाली भरल्या. पत्र्याच्या खालच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत भरल्या आणि चारी बोटांनी दाबत दाबत गेले, वितीवितीनं. दुपार झाली. रॉकेलनं हात धुतले तरी आठवडाभर नखं काळी होती.

शालन आली आणि मागोमाग पाऊस आला. आषाढात आमच्याकडे दिवसाही दिवे लावावे लागतात. शेजारच्या घरांच्या भिंती पाझरत होत्या, आणि मी रोज डोक्यावर इरलं घेऊन परसात जायची, वाकून बघायची. पत्र्याखालून थेंब नाही. एवढी झड, आणि थेंब बाहेर येत नाही. मी शालनला म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला सांग, ये म्हणावं बघायला. आईनं केलेलं काम बघ म्हणावं." ती हसायची. पोटावर हात ठेवून बाजेवर पडून असायची. म्हणायची, "आई, त्यांना किती बोलतीस. ते मला इचारत्यात, मामींना मी आवडत न्हाई का म्हणून."

"मग मला इचारायला तोंड न्हाई?"

"तू त्यांना बोलू देशील तवा."

श्रावणात मुलगी झाली. कोरड्या, उबदार खोलीत. बाजेखाली शेगडी, वर घोंगडीचा आडोसा, फटी सगळ्या बंद. आठवा दिवस आला तेव्हा मी दिवसभर खोलीतून हलले नाही. पोरीचं तोंड उघडत होतं, रडत होती, दूध पीत होती. नववा उजाडला तेव्हा देवापुढं जाऊन बसले, आणि कशासाठी बसले ते विसरून नुसतीच बसून राहिले.

त्या संध्याकाळी शालन म्हणाली, "आई, भिंत गार लागती. हात लाव."

बाजेच्या मागं, जमिनीपासून गुडघाभर, भिंत काळी पडली होती. हात लावला तर बोट आत गेलं, लोण्यात जावं तसं.

"बघ," मी म्हटलं. "अर्धं काम. ह्याला म्हणत्यात अर्धं काम."

बाज हातभर पुढं ओढली आणि भिंतीला राख थापली. अकराव्या दिवशी दुपारी मी मायलेकींना न्हाणीत घेतलं. पोरीला पायावर घेऊन पाणी घालत होते, शालन पाठीला शेक घेत बसली होती. धप्प असा आवाज आला. मोठा नाही, भरलेलं पोतं टाकावं एवढाच. शालननं माझ्याकडे बघितलं. मी पोरीला तिच्या मांडीवर दिलं आणि गेले.

भिंतीचा खालचा भाग फुगून आत कोसळला होता. बाजेचे दोन पाय मोडले होते, आणि उशी जिथं असते तिथं ढोपरभर चिखल. पत्रा मात्र बाहेर उभा होता, जसाच्या तसा. भिंत पडली तरी हिंदुरावचा एक खिळा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. लोकांना आवतणं गेली होती, मागं कसं घ्यायचं? पाळणा पुढच्या सोप्यात बांधला. दहा-अकरा बायका जमल्या. विहीणबाई आल्या, हिंदुराव आला, ओला चिंब, हातात पोरीसाठी चांदीचे वाळे. मी त्याला बसूसुद्धा दिलं नाही.

"या पाव्हणं. तुमचं काम बघून घ्या आदी," मी म्हटलं. आणि मग जे सुटले ते सुटले. अर्ध्या कामाचा माणूस म्हणाले. वर भरायचं, खाली सोडायचं, ही कसली रीत म्हणाले. कोल्हापुरात शहाणे लोक असलं काम घेतात का, म्हणाले. भिंत पडायच्या तासभर आधी माझी लेक त्या बाजेवर होती, तुमच्या अंगात वाघाचं काळीज हाय का बिनकाळजाचं हाय तुमी, म्हणाले. विहीणबाई पदर तोंडाला लावून बसल्या. पाळण्याशी शालन उभी होती, तिच्याकडे मी बघितलंच नाही.

तो वळला. परसात गेला. बराच वेळ तिथं होता. पावसात वाकून बसलेला मला खिडकीतून दिसत होता. परत आला तेव्हा मी बायकांना घुगऱ्या वाटत होते. कितीही राग असला तरी जावयाला वगळता येत नाही, म्हणून त्याच्यापुढंही पान धरलं. त्यानं पान घेतलं, पण बघत राहिला माझ्या हाताकडे. मान वर करवत नाही, लाजला, असं मला वाटलं.

"चुकलं माझं, मामी," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी म्हटलं, चला, कबूल तरी केलं.

तिसऱ्या प्रहरी शालननं पिशवी भरली. बारा दिवसांची बाळंतीण, पोरीला दुपट्यात गुंडाळलेलं, बाहेर झड. मी दारात आडवी उभी राहिले.

"अशा पावसात कुटं निगालीस? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काय म्हणायचं ते सकाळीच तू म्हटलंस," ती म्हणाली. "आई, चार भिंतीत बोलली असतीस तर मी तुझ्या बाजूनं बोलले असते. पोरीचं नाव कानात सांगायच्या आदी तिच्या बापाचं नाव घालवलंस तू. हितनं पुढं ह्या घरात मी रात काढणार न्हाई."

"चार दिवसांत येशील रडत."

"न्हाई येणार. तुझीच लेक हाय मी."

हिंदुरावनं छत्री धरली होती, दोघींच्या डोक्यावर. स्वतः बाहेर भिजत होता. त्या छत्रीकडे मी वळणापर्यंत बघत राहिले. हाक मारली नाही.

पुढच्या चैत्रात भिंत नवी घालायला सदू गवंडी आला. पत्रे उतरवले, आणि मला हाक मारली.

"हौसाबाई, पत्रा कुणी मारला ह्यो?"

"जावयानं."

"कारागीर हाय. सांधा बगा कसा बसीवलाय." मग वाकून जोत्याजवळची डांबराची पट्टी उचकटली. मागं हातभर चिखल, चैत्रातसुद्धा ओला. "आन ही घाण कुणी केली? पत्र्याच्या मागं पानी जातंच, कितीबी करा. खिळ्यातनं जाईल, सांध्यातनं जाईल. ते खालनं निगून जायला पायजे. ह्यानं सगळी खालची बाजू बुजवून टाकली. आत तळं केलं. मातीची भिंत कशी टिकंल?"

पट्टी त्यानं माझ्यापुढं धरली. डांबरात बोटांचे ठसे होते, वितीवितीवर चार चार. पहिलं बोट पुरं, मधलं आखूड, मग दोन पुरी. परत पहिलं पुरं, मधलं आखूड. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी हात पदराखाली घेतला.

"तू तुझं काम कर," मी म्हटलं.

सदू जेवायला गेला तेव्हा खुरपं घेतलं आणि सगळं डांबर खरवडलं. नळाखालचंसुद्धा. एक ठसा ठेवला नाही. चुलीत घातलं, घरभर काळा धूर झाला. धुरात बसले असताना मला बारशाच्या दिवशीचं घुगऱ्यांचं पान आठवलं, आणि माझ्या हाताकडे बघणारे त्याचे डोळे. तो लाजला नव्हता. परसात जे बघून आला होता, ते माझ्या बोटांशी लावून बघत होता. आणि बघून झाल्यावर म्हणाला होता, चुकलं माझं.

कोल्हापूरची गाडी चारला असते. त्या दिवशी मी लुगडं बदललं. पिशवीत पोरीसाठी झबलं घातलं. वळणापर्यंत गेले. गाडी आली, दार उघडलं, कंडक्टर म्हणाला, "चला मावशी." मी म्हटलं, "मला जायचं न्हाई, मी पाव्हण्यांना बघायला आले." घरी आले आणि लुगडं घडी घालून ठेवलं.

एवढंच. दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं, मग संक्रांतीला जाईन म्हटलं. शालनचं दुसरं बाळंतपण सासरी झालं. मी पाचवीला गेले, खुर्चीवर बसले, चहा घेतला, आले. नातवाला न्हाऊ घालायला त्यांनी बाई लावली होती. ती पोराच्या कानात तेल घालत होती तेव्हा तिला हात असा नाही, असा धर म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

हिंदुराव मात्र दर वैशाखात आले. न बोलावता. नळाचा वायसर बदलायचा, पाइपाभोवतीचं उकललेलं काढून नवं भरायचं, पत्र्याचे सांधे बघायचे, दोन घास खायचे, चारच्या गाडीनं जायचं. शालन कधी बरोबर यायची, कधी नाही. आली की उंबऱ्याच्या आत बसायची, पिशवी मांडीवर घेऊन. पिशवी तिनं कधी खाली ठेवली नाही. "ऱ्हा की आजच्या दिस," असं म्हणायला मी किती वेळा तोंड उघडलं, आणि "पावसाचं काय खरं न्हाई, लवकर निगा" असं म्हटलं.

अशी सोळा वर्षं गेली. नात स्नेहल दहावी झाली.

यंदाच्या वैशाखात दोघं आली. हिंदुरावांना आता चष्मा आहे, गुडघे धरतात. डांबर जाऊन बंदुकीसारख्या नळीतलं पांढरं सिलिकॉन आलं आहे. ते नळाशी गुडघे टेकून बसले, जुनं खरवडलं, फडक्यानं कोरडं केलं. मी जोत्यावर बसले होते, तिथंच. त्यांनी वरून एक ओळ भरली, बोटानं सारखी केली. डाव्या अंगानं भरली. उजव्या अंगानं भरली. मग हात थांबला.

"मामी," ते म्हणाले, "खालची सोडू न्हवं?"

सोळा वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. गपचूप सोडून जायचे. आज का विचारलं, मला माहीत नाही. म्हातारपणानं असेल, किंवा त्यांचाही दम संपला असेल.

आत शालन बसली होती. सव्वातीन वाजले होते.

"सोडा," मी म्हटलं. ते पुन्हा वाकले. मी जोत्यावरून उतरले, भिंतीला धरून उभी राहिले. "पाव्हणं, तवाबी सोडलेली बरोबर व्हती. बुजवली ती मी. तुमी गेल्यावर, दुसऱ्याच दिवशी. ह्या हातानं."

त्यांनी चष्मा काढला आणि फडक्यानं पुसायला लागले. फडकं सिलिकॉनचं होतं, काच आणखीच खराब झाली.

"असू द्या मामी," ते हळू म्हणाले. "मला ठावं हाय."

"तुमाला ठावं हाय हे मलाबी पंधरा वर्सं ठावं हाय. तुमाला न्हाई सांगत मी."

आतून पिशवीच्या बंदांची चाळवाचाळव ऐकू येत होती, ती थांबली.

"बारशाला अकरा बायका व्हत्या," मी आवाज चढवला. म्हातारीचा आवाज, फाटका, पण बारशाच्या दिवसाएवढा चढवला. "आज एकच ऐकणारी हाय, तरी तेवढ्याच मोठ्यानं सांगते. पाव्हणं, काम तुमचं चोख व्हतं. सासू तेवढी खोटी निघाली."